फ्लेवर्ड बटरची तयारी: पैसे बटरवर घाला, साच्यांवर नको

घरी फ्लेवर्ड बटर, म्हणजे पानं, लसूण, लिंबू, मसाले किंवा मध मिसळून बहुधा रोल वळलेलं आणि चकत्या कापून वापरायचं बटर, करण्यासाठी म्हणून आता बरंच सामान विकायला असतं: हृदयाच्या आणि फुलांच्या आकाराचे सिलिकॉनचे साचे, दोरी ओढून चालवायचे छोटे चॉपर, बटरचे रोल वळायच्या चटया, तळाशी पाणी ठेवायची बटरची भांडी, 'बटरमध्ये मिसळा' असं लिहिलेली मसाल्यांची पाकिटं. यातलं बहुतेक नसलं तरी काही अडत नाही, आणि दोन-तीन गोष्टींनी तर बटर बिघडतंच. खर्च करायचाच असेल तर चांगलं बटर, बारीक किसणी आणि टोकदार सळीचा डिजिटल थर्मामीटर, एवढ्यावरच करावा. बाकी काम वाडगं, काटा आणि कागदाचा एक तुकडा करतात. कोणती गोष्ट कुठे उपयोगी आहे आणि कुठे दगा देते, ते पुढे क्रमाने.

आधी बटर. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार बटरमध्ये किमान ८० टक्के दुधाची स्निग्धता, जास्तीत जास्त १६ टक्के पाणी आणि फार तर २ टक्के दुधातले इतर घन पदार्थ असतात. 'युरोपियन स्टाइल' म्हणून जे मिळतं त्यात स्निग्धता ८२ टक्के किंवा त्याहून थोडी जास्त. हे महागडं बटर घ्यावं का? लिंबाचा रस, आटवलेली वाइन, मध अशी ओली वस्तू घालायची असेल तर घ्यावं, कारण त्यात मुळातलं पाणी कमी असल्यामुळे वरून घातलेला ओलावा सामावायला थोडी जास्त जागा मिळते आणि रोलही घट्ट बसतो. नुसती मिरपूड, सुके मसाले किंवा लिंबाची किसलेली साल घालायची असेल तर ८० टक्केवाल्यात आणि त्यात फरक ओळखणं कठीण आहे. तिथे जास्तीचे पैसे वाया.

सॉल्टेड की अनसॉल्टेड, याचं उत्तर सोपं आहे: अनसॉल्टेड. सॉल्टेड बटरमध्ये साधारण दीड ते दोन टक्के मीठ असतं, म्हणजे १०० ग्रॅमला दीड-दोन ग्रॅम. पार्स्ली-लिंबासारख्या साध्या बटरला ते अगदी बरोबर बसतं. पण केपर्स (खारवलेल्या कळ्या), अँकोव्ही (खारवलेले छोटे मासे), मिसो (सोयाबीनची आंबवलेली खारट पेस्ट), ब्लू चीज यातलं काहीही घातलं की बटर खारट होऊन जातं आणि खारट झालेलं बटर आणखी बटर घातल्याशिवाय सुधारत नाही. अनसॉल्टेडमध्ये १०० ग्रॅमला पाव लहान चमचा बारीक मीठ (सुमारे दीड ग्रॅम) शेवटी घालून चव घेता येते. जाडं मीठ मात्र घालू नये. मीठ स्निग्धतेत विरघळत नाही, बटरमधल्या त्या १६ टक्के पाण्यातच विरघळतं, आणि जाडे खडे तेवढ्या पाण्यात लवकर विरत नाहीत. दुसऱ्या दिवशीही ते दाताखाली येतात. काहींना ते हवंच असतं. मग फ्लेक्स स्वरूपातलं मीठ वाढताना वरून टाकावं.

सॉल्टेड बटर जास्त टिकतं हे खरं. दोन ग्रॅम मीठ सोळा ग्रॅम पाण्यात म्हणजे अकरा टक्क्यांचं खारं पाणी झालं, त्यात जिवाणूंची डाळ शिजत नाही. पण पानं, रस, लसूण घातला की नवा ओलावा येतो आणि त्या ओलाव्यात मीठ नसतं. त्यामुळे 'सॉल्टेड बटर वापरलंय, आता हे लसूण बटरही महिनाभर राहील' हा हिशेब फसतो.

कल्चर्ड बटर, म्हणजे विरजण लावलेल्या क्रीमचं बटर, हे हर्ब्ज, मोहरी, लिंबू, शॅलट (छोटे, सौम्य कांदे) यांच्यासाठी सगळ्यांत उत्तम. त्यातला आंबूसपणा आणि डायअसिटिल या द्रव्याचा लोण्यासारखा वास यांमुळे कमी साहित्यातही चव भरलेली लागते. फक्त लिंबाचा रस निम्मा करावा. व्हॅनिला किंवा मेपल घालायचं असेल तर साधं, न आंबवलेलं बटर बरं; गोड बटरला आंबूस वास आला की खाणाऱ्याला ते जुनं झाल्यासारखं वाटतं.

आता नको असलेली बटरं. 'स्प्रेडेबल' म्हणून डब्यात मिळणाऱ्या बटरमध्ये वनस्पती तेल मिसळलेलं असतं. ते फ्रिजमधून काढल्या काढल्या पसरतं, हाच त्याचा गुण, आणि इथे तोच दोष. रोल वळला तरी कापताना दबतो आणि गरम पदार्थावर ठेवला की तेलाचं तळं होतं. 'लाइट' बटरमध्ये निम्म्याच्या आसपासच स्निग्धता असते, उरलेला भाग मुख्यतः पाणी आणि ते बांधून ठेवणारे पदार्थ. मीठ आणि लिंबू लागलं की त्याला पाणी सुटतं. व्हिप्ड बटरमध्ये हवा किंवा नायट्रोजन भरलेला असतो. वजनाने मोजलं तर चालेल, कपाने मोजलं तर बटर कमी आणि मसाला जास्त असं प्रमाण होतं. तुपाचं फ्लेवर्ड बटर होत नाही: त्यात पाणी नाही, त्यामुळे मीठ विरघळत नाही, रस मिसळत नाही, आणि थंड झाल्यावर ते रवाळ बसतं.

घरी घुसळलेलं लोणी चालतं का? चालतं, आणि नीट केलेलं असेल तर चवीला ते पहिल्या नंबरावर जाईल. अट एकच, त्यातलं ताक पूर्ण निघालं पाहिजे. बर्फाच्या पाण्यात धुवावं, पाणी नितळ येईपर्यंत बदलावं, मग थंड ताटलीत स्पॅच्युलाने दाबून, घडी घालून, पुन्हा दाबून पाणी काढावं. ताटली तिरकी धरल्यावर थेंब ओघळायचे थांबले की लोणी तयार. हे अर्धवट सोडलं तर दोन-तीन दिवसांत ते आंबतं आणि रोल कापल्यावर कापलेल्या बाजूला पाण्याचे मणी दिसतात.

बटर घेऊन झालं की सगळा खेळ तापमानाचा. फ्रिजमध्ये, ४ अंश सेल्सियसला, ते दगडासारखं असतं. ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान पूर्ण वितळतं. फ्लेवर्ड बटरला हवं ते १८ ते २० अंशांचं. त्या तापमानाला स्निग्धतेचा काही भाग घट्ट स्फटिकांत आणि काही द्रव असतो, आणि या मिश्रणातच बाहेरून घातलेले रसाचे थेंब अडकून राहू शकतात. याच्या खाली रस आत शिरत नाही, वाडग्याच्या तळाशी फिरत राहतो. याच्या फार वर गेलं की बटरमधलं मूळचं पाणीही सुटू लागतं. आणि एकदा वितळलेलं बटर पुन्हा थंड केलं म्हणजे पूर्ववत होतं, असं नाही. आतली घडी मोडलेली असते, स्फटिक मोठे होतात, जिभेला तेलकट आणि कणीदार लागतं.

म्हणून मायक्रोवेव्ह हे या कामाचं सगळ्यांत वाईट साधन. कडेचं बटर वितळतं, मधला गोळा कडकच, आणि सरासरीने 'मऊ झालं' असं वाटतं. त्यापेक्षा बटरचे एक सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करून ताटलीत सुटे पसरावेत. खोलीचं तापमान २२ अंशांच्या आसपास असेल तर वीस ते तीस मिनिटांत ते तयार होतात. उन्हाळ्यात दहा मिनिटांतच बघावं. घाई असेल तर थंड बटर जाड किसणीवर किसावं, पाच-दहा मिनिटांत भागतं. अख्खी लादी ओट्यावर ठेवून देणं हा सगळ्यांत सावकाश मार्ग, आणि वरचा थर तेलकट होईपर्यंत आतला भाग थंडच राहतो.

थर्मामीटर नसेल तर काट्याने दाबून पाहावं. दातांच्या रेषा स्पष्ट उमटल्या, कडा ढासळल्या नाहीत आणि पृष्ठभाग मंद, मेणासारखा दिसला तर बरोबर. चकाकी आली, रेषा हळूहळू भरून यायला लागल्या, तर हाताबाहेर चाललंय. वाडग्यासकट पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग घोटावं. काटा टेकवल्यावर बटरचे तुकडे पडले तर अजून थांबावं.

मिसळायला काय वापरायचं? १०० ते २५० ग्रॅमसाठी रुंद तळाचं वाडगं, काटा आणि सिलिकॉनचा स्पॅच्युला. काट्याने आधी नुसतं बटर एकसारखं घोटायचं, एकही गाठ राहू द्यायची नाही. मगच बाकीचं घालायचं, आणि ओलं असेल ते थेंबाथेंबाने. सगळं एकदम टाकून ढवळलं तर हर्ब्ज गाठींभोवती चिकटतात आणि गाठी पांढऱ्याच राहतात. स्पॅच्युलाने शेवटी बटर वाडग्याच्या कडेवर घासून पसरावं. कडेवर पसरलेल्या पातळ थरात न मिसळलेले पट्टे लगेच दिसतात. लाकडी चमच्यात लसणाचा वास बसतो, तो पुढच्या मधाच्या बटरमध्ये उतरतो. तेवढ्यासाठी तरी वेगळा चमचा ठेवावा.

फूड प्रोसेसरची शिफारस फार ठिकाणी केलेली दिसते, पण ती सरसकट पटण्यासारखी नाही. पात्याच्या घर्षणाने बटर तापतं, पानं चिरली न जाता चेंदली जातात आणि त्यांचं पाणी सुटून बटर मळकट हिरवं होतं. कच्चा लसूण त्यात फिरवला तर उग्र, जिभेला झोंबणारी चव येते. शिवाय २०० ग्रॅमपेक्षा कमी बटर असेल तर ते नुसतं भांड्याच्या कडेला चिकटून बसतं आणि पातं मध्ये रिकामं फिरतं. मिक्सर-ग्राइंडरच्या चटणीच्या भांड्यात हे सगळे दोष दुप्पट. मात्र एका कामाला प्रोसेसरला तोड नाही: पानं उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवून, बर्फाच्या पाण्यात टाकून, पिळून कोरडी केली की त्यांचं एकजीव, गर्द हिरवं बटर प्रोसेसरच करतो. भाजलेली ढोबळी मिरची, अँकोव्ही, भाजलेला लसूण अशा मऊ वस्तूंनाही तो चांगला. थोड्या थोड्या वेळाने थांबवत, तीन-चार सेकंदांच्या झटक्यांनी चालवावा.

हँड बीटर गोड बटरसाठी घ्यावा. मध किंवा पिठीसाखर घातलेलं बटर दोन-तीन मिनिटं फेटलं की ते फिकट, हलकं होतं आणि पावावर छान पसरतं. पण भाजलेल्या मासळीवर किंवा स्टेकवर चकती ठेवायची असेल तर फेटू नये. हवा भरलेला रोल थंडीत ठिसूळ होतो, कापताना भुगा पडतो आणि चकती गरम पदार्थावर क्षणात विरून जाते. ती सावकाश वितळायला हवी. स्टँड मिक्सर अर्धा किलोच्या पुढेच उपयोगी, तोही पॅडल लावून. तारेच्या फेटणीत बटर अडकून बसतं.

दोरीवाल्या छोट्या चॉपरबद्दल एवढंच, की तो पानं कापत नाही, फाडतो. धारदार सुरीने एकदाच, न चेंदता चिरलेली पार्स्ली दुसऱ्या दिवशीही हिरवी राहते, चॉपरमधली काळपटते. तुळशीच्या जातीचं बेसिल तर यात हमखास काळं पडतं, त्याला वर सांगितलेला उकळत्या पाण्याचा उपायच लागतो.

खरोखर पैसे वसूल करणारं साधन म्हणजे बारीक दातांची लांबट किसणी. लिंबाची साल, लसूण, आलं, कडक चीज, जायफळ, सगळं तिच्यावर इतकं बारीक निघतं की बटरमध्ये तुकडा जाणवत नाही. सालीचा फक्त पिवळा थर घ्यायचा. खालचा पांढरा भाग लागला की कडवटपणा येतो आणि तो दोन दिवसांनी वाढलेला वाटतो. साल थेट बटरवरच किसावी. किसताना उडणारं सुगंधी तेल मग ताटलीत न राहता बटरमध्ये उतरतं. खलबत्ता असेल तर तोही कामाचा आहे. लसूण, अँकोव्ही, केपर्स यांची मिठाबरोबर खललेली पेस्ट बटरमध्ये गाठी न होता मिसळते.

प्रमाणांकडे वळू. पुढची सगळी मापं १०० ग्रॅम बटरला आहेत.

पार्स्ली, चाइव्ह्ज, डिल, कोथिंबीर अशी कोवळी पानं चिरून १५ ते २० ग्रॅम, म्हणजे तीन-चार मोठे चमचे सैल भरून. रोझमेरी, थाइम, सेज हे उग्र, त्यांचा एक लहान चमचा पुरे. सुकी पानं ताज्याच्या एक तृतीयांश, पण ती तशीच घातली तर भुशासारखी लागतात. त्यातलंच एक चमचा बटर वितळवून सुकी पानं त्यात दहा मिनिटं मुरवावीत, गार करावीत आणि मग मिसळावीत. ताजी पानं धुतल्यावर पूर्ण कोरडी झाली पाहिजेत. 'झटकून घेतली' एवढ्याने भागत नाही, सुती कापडावर पसरून टिपून घ्यावीत. बटरला पाणी सुटण्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ ओल्या पानांत असतं.

लिंबाचा रस एक लहान चमचा, म्हणजे ५ मिली. दोन चमचे म्हणजे १० मिली ही हाताने घोटताना मर्यादा समजावी. त्यापुढे बटर फुटण्याची शक्यता वाढते. रस फ्रिजमधला नसावा. थंड रस बटरवर पडला की तिथली स्निग्धता आवळते, बारीक दाणे दिसतात आणि 'फुटलं' असं वाटून लोक ते टाकून देतात. टाकायची गरज नसते: वाडग्याचा तळ कोमट पाण्यात पाच-सात सेकंद टेकवायचा आणि जोरात घोटायचं. तरीही थेंब दिसत राहिले तर वीस-तीस ग्रॅम मऊ बटर वाढवावं, नाहीतर सरळ ते पाणी निथळून टाकावं. आंबटपणा जास्त हवा असेल तर रस न वाढवता साल वाढवावी. पार्स्ली, लिंबू, मीठ आणि मिरपूड एवढंच घातलेलं 'मेत्र दोतेल' हे फ्रेंच बटर शिकण्यासाठी सगळ्यांत बरं, कारण त्यात लपायला जागा नाही. बटर जुनं असेल, पानं ओली असतील, तापमान चुकलं असेल, सगळं त्यात दिसतं.

लसूण कच्चा घालायचा तर वरून चकती ठेवण्याच्या बटरला एक मध्यम पाकळी, ब्रेडवर लावून भाजायच्या बटरला तीन. कच्च्या लसणाची झोंबणारी चव तो ठेचल्यावर तयार होते. ठेचताना लगेच त्यावर लिंबाचा रस घातला तर आम्लामुळे ती प्रक्रिया मंदावते आणि चव सौम्य राहते. भाजलेला लसूण हवा असेल तर अख्खा गड्डा, वरचा शेंडा कापून, फॉइलमध्ये गुंडाळून २०० अंशांवर चाळीस मिनिटं. पाकळ्या पिळून पेस्ट काढायची आणि पूर्ण गार करूनच मिसळायची. छोट्या गड्ड्याची सगळी पेस्ट १०० ग्रॅमला चालते. कांदा, शॅलट, मशरूम कच्चे घालूच नयेत. मंद आचेवर त्यांचं पाणी आटेपर्यंत परतून, गार करून घालावेत. रेड वाइनचं बटर करायचं तर शॅलटबरोबर १०० मिली वाइन आटवून दोन लहान चमचे उरवायची. न आटवलेली वाइन बटरमध्ये बसणं शक्य नाही.

तिखट, पॅप्रिका, जिरेपूड, धनेपूड यांचा एक लहान चमचा. मसाले कोरडेच घातले तर कच्चट, पिठूळ चव येते. बटरमधलं १५ ग्रॅम काढून मंद आचेवर वितळवावं, मसाला त्यात वीस-तीस सेकंद फुलवावा. रंग आणि तिखटपणा स्निग्धतेत उतरतो, बटर एकसारखं केशरी होतं. पॅप्रिका पटकन करपते, म्हणून भांडं आचेवरून उतरवूनच घालावी. हे मिश्रण कोमट असतानाच ओतण्याचा मोह होतो. तसं केलं की वाडग्यातलं बाकी बटरही वितळतं.

मध ३० ग्रॅम. पन्नासच्या पुढे गेला की फ्रिजमध्येही रोल लिबलिबीत राहतो आणि कागदातून पाझरतो. मेपल सिरपमध्ये पाण्याचा अंश सुमारे एक तृतीयांश, मधापेक्षा बराच जास्त, म्हणून २० ग्रॅमवर थांबावं. साखर पिठीच हवी. दालचिनी अर्धा लहान चमचा, आणि या सगळ्या गोड बटरांतही चिमूटभर मीठ लागतंच.

खारट गटातलं: अँकोव्हीचे चार-पाच फिले, पांढरा मिसो २५ ते ३० ग्रॅम, ब्लू चीज ५० ग्रॅम, दिझाँ मोहरी (मोहरीची फ्रेंच पेस्ट) एक मोठा चमचा. यातल्या कशालाही वेगळं मीठ नको. जिनिव्हाच्या 'कॅफे द पारी' नावाने प्रसिद्ध झालेल्या बटरसारखी पंधरा-वीस जिन्नसांची बटरं घरी करता येतात, पण नवख्याने तीन जिन्नसांपुढे जाऊ नये. चव बिघडली तर कशामुळे, ते कळत नाही.

एक गोष्ट सगळ्या प्रमाणांना लागू: केल्या केल्या चव थोडी जास्त ठेवावी. थंड बटरची चव दबते आणि ते खाल्लं जातं बिनमिठाच्या पदार्थाबरोबर. पण लसूण आणि तिखट रात्रभरात वर येतात, त्यांना हात आखडता ठेवावा. चव बोटाने चाटून घेऊ नये. पावाच्या तुकड्यावर किंवा उकडलेल्या बटाट्यावर लावून घ्यावी.

रोल वळायला बेकिंगचा सिलिकॉन लावलेला कागद सगळ्यांत चांगला. साधा बटर पेपर चालतो, पण फ्रिजमध्ये तो ओलसर होतो आणि सोलताना बारीक कपचे बटरला चिकटतात. क्लिंग फिल्म बटरला घट्ट बसते, पण तिच्यात रोल वळताना सुरकुत्या पडतात आणि त्या बटरमध्ये उमटतात. फॉइल थेट बटरला लावू नये. मीठ आणि लिंबू असलेल्या बटरशी ॲल्युमिनियमची प्रक्रिया होते, करडे डाग पडतात. कागदावरून दुसरं वेष्टण म्हणून फॉइल मात्र उत्तम, कारण प्रकाश आणि वास दोन्ही अडवते. बटर फ्रिजमधला कोणताही वास पटकन ओढतं.

वळण्याची रीत अशी. तीस सेंटिमीटर लांबीचा कागद घ्यायचा, आपल्या बाजूच्या कडेपासून सात-आठ सेंटिमीटरवर बटरची जाड पट्टी पसरायची. कागदाची आपल्याकडची कड तिच्यावरून पलीकडे न्यायची. आता खालचा कागद एका हाताने धरून, दुसऱ्या हाताने स्टीलची पट्टी किंवा बेंच स्क्रेपर वरच्या कागदावर, बटरच्या पलीकडच्या अंगाला, तिरका टेकवायचा आणि बटरच्या दिशेने ढकलायचा. कागद आवळला जातो, आतली हवा निघते आणि वेडीवाकडी पट्टी एकसारखी गोल होते. ही एक हालचाल जमली की वळायच्या चटईची गरज संपते. मग टोकं चॉकलेटच्या वेष्टणासारखी उलटसुलट पिळायची. चार सेंटिमीटर व्यासाच्या रोलची एक सेंटिमीटर जाडीची चकती ११-१२ ग्रॅमची होते, एका माणसाला एवढी पुरते. बटर आणि घातलेले जिन्नस मिळून २२५ ग्रॅमच्या आसपास असतील तर याच जाडीचा रोल साधारण वीस सेंटिमीटरचा होतो. दोन तास फ्रिजमध्ये ठेवल्याशिवाय कापू नये. वळताना बटर ओघळत असेल तर ते गरम आहे. कागदासकट दहा मिनिटं फ्रिजमध्ये आणि मग पुन्हा.

सिलिकॉनच्या साच्यांना पाचपैकी दोन. चकत्या फोटोत सुंदर दिसतात, पण मऊ बटर कोपऱ्यांत भरताना हवा अडकते आणि पाकळ्यांना भोकं पडतात. साच्यातून काढायला बटर तासभर फ्रीजरमध्ये दगड व्हावं लागतं. आणि लसणाचा वास सिलिकॉन सोडत नाही, हा खरा वैताग. साधा बर्फाचा ट्रे, १५ ग्रॅमचे चौकोन, एवढ्याने तेच काम होतं. पायपिंग बॅगने फुलं पाडायची असतील तर नोझलचं तोंड किमान एक सेंटिमीटरचं हवं, नाहीतर चिरलेली पानं अडकून बॅग फाटते.

टिकण्याबाबत ढिलाई नको. ताज्या पानांचं बटर फ्रिजमध्ये पाच ते सात दिवस. कच्चा लसूण असेल तर तीन-चार दिवसांत संपवावं, नाहीतर केल्या दिवशीच फ्रीजरमध्ये टाकावं. लसणावर मातीतून आलेले बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, आणि स्निग्धतेने वेढलेल्या, हवा नसलेल्या, कमी आम्लाच्या ओल्या कणाभोवती त्यांना वाढायला वाव मिळतो. या जिवाणूंचं विष वासाने किंवा रंगाने ओळखता येत नाही. लिंबाचा रस घातलाय म्हणून सुरक्षित, असंही धरू नये. दोन तासांपेक्षा जास्त वेळ ते टेबलावर ठेवू नये. फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांना, दोन-तीन महिने चव चांगली राहते. त्यापुढे पानांचा वास उडतो आणि बटरला जुनाट वास लागतो. चकत्या आधीच कापून, मध्ये कागदाचे तुकडे घालून गोठवाव्यात. अख्खा गोठलेला रोल कापायला गेलं की तो तडकतो; अर्धा तास खालच्या कप्प्यात ठेवून मग गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने कापावा.

याच कारणाने पाण्यात उपडं ठेवायचं बटरचं भांडं या कामाला बाद. साध्या सॉल्टेड बटरसाठी ते छान आहे, पण पानं-लसणाचं बटर खोलीच्या तापमानाला, पाण्याच्या शेजारी ठेवणं म्हणजे वर लिहिलेल्या सगळ्यावर पाणी.

वापरताना एक चूक फार दिसते: फ्लेवर्ड बटर तव्यावर घालून त्यात मांस किंवा भाज्या परतणं. लसूण आणि दुधातले घन पदार्थ आधी करपतात, पानं काळी होतात. तेलात किंवा तुपात पदार्थ शिजवावा, आच बंद करावी, आणि चकती वरून ठेवावी. कोंबडीच्या कातडीखाली भरून भाजताना मात्र ते चालतं, कारण कातडी त्याला थेट आचेपासून वाचवते. पास्त्यात घालायचं तर पास्ता ज्यात शिजवला ते पाणी दोन-तीन चमचे राखून त्याबरोबर हलवावं, म्हणजे सॉस एकजीव होतो.

'बटरमध्ये मिसळा' पाकिटांत बहुधा मीठ, साखर आणि लसणाची पूड यांचाच भरणा असतो. घटकांच्या यादीत वजनाने जास्त ते आधी येतं. मीठ पहिल्या दोनांत असेल तर अनसॉल्टेड बटरमध्येही पाकिटावर लिहिलेल्याच्या निम्मंच घालावं. तयार फ्लेवर्ड बटरचे डबे घ्यायचे असतील तर तीच यादी वाचावी: पहिला घटक बटर आहे की तेल, पानं सुकी आहेत की ताजी. ट्रफल (महागडी, सुगंधी भूछत्रं) घातलेल्या बटरच्या बाबतीत तर हमखास वाचावी. बऱ्याच स्वस्त डब्यांतला वास २,४-डायथायापेंटेन या कृत्रिम द्रव्याचा असतो आणि ट्रफलचे काळे ठिपके नावापुरते. यादीत नुसतं 'फ्लेवरिंग' लिहिलेलं असेल आणि ट्रफल एक टक्क्याच्या खाली असेल, तर तो डबा परत मांडणीवर ठेवावा.